नवा ‘रोड रॅश’ येणार का, आणि येईपर्यंत काय करायचं?

निपाणीहून एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं विचारलंय: “दादा, माझा थोरला भाऊ अजून जुना रोड रॅश खेळतो. आता नवीन भाग येणार म्हणून व्हिडिओ फिरायलेत, मोबाईलवर ‘आधी नोंदणी करा’ म्हणून अ‍ॅपपण दिसायलंय. खरंच येणार का? आणि कंपनी काढत नसेल तर आम्ही चौघं मित्र मिळून तसा गेम केला तर चालेल का?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे तुझ्या भावाचा जीव टांगणीला राहायला नको. रोड रॅश, म्हणजे शर्यतीत पळता पळता बाईकवरून मारामारी करायचा गेम, काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीनं नव्या भागाची घोषणा केलेली नाही. तू पाहिलेले व्हिडिओ चाहत्यांनी केलेले आहेत, नाहीतर एआयनं. अ‍ॅपचं खाली सांगतो. आणि तुमच्या गेमचं म्हणशील तर जरूर करा, फक्त दोन-तीन गोष्टी आधी समजून घ्या. मी मूळचा बेळगावच्या टिळकवाडीचा. पुढं पुण्यात आणि बेंगळुरूत मोबाईलच्या रेसिंग गेमांमध्ये गाडी कशी वळते, कशी घसरते, कशी आपटते, एवढंच काम वर्षानुवर्षं केलं. त्यामुळं बोलतोय ते कारखान्याच्या आतल्या बाजूनं.

थोडा इतिहास, कारण यात घोळ फार होतो. रोड रॅश पहिल्यांदा आला १९९१ साली, सेगाच्या कन्सोलवर. त्याचा दुसरा भाग १९९२ ला, तिसरा १९९५ ला. आपल्याकडं हे तीन फार थोड्यांनी पाहिले. बेळगाव, खानापूर, चिकोडीतल्या पोरांना जो रोड रॅश माहीत आहे तो १९९४ ला थ्रीडीओ नावाच्या मशीनवर आलेला आणि १९९६ ला विंडोजवर उतरलेला. खडे बाजारातल्या, कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेंत पुढची दहा वर्षं तोच चालला. इंटरनेटला तासाचे पैसे द्यायचे आणि नेट बंद पडलं की गेम खेळायचा. एका मशीनवर “मार की रे त्याला”, शेजारच्यावर कन्नडमधून तेच, “होडी ले”, आणि दोन्हीकडं लाथेची की घासून अक्षर उडालेलं. भाषेवरून आमच्या गावात जे काय व्हायचं ते बाहेर. आत सगळ्यांचा वैरी एकच, मागून येणारा पोलीस.

त्यानंतर १९९८ ला रोड रॅश थ्रीडी, १९९९ ला निन्टेंडो ६४ वरचा रोड रॅश ६४, २००० ला रोड रॅश जेलब्रेक. २००३ मध्ये जेलब्रेकच गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर उतरला आणि तिथं मालिका थांबली. म्हणजे तुझा भाऊ ज्याच्या ‘पुढच्या भागा’ची वाट बघतोय, त्याचे पुढचे भाग निघाले होते आणि लोकांनी ते फारसे मनावर घेतले नाहीत. कंपनीच्या हिशेबात ही गोष्ट पक्की नोंदलेली असते. चाहते ती विसरतात.

यातलं एक लक्षात ठेव: रोड रॅश ६४ इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं स्वतः काढला नाही. तो टीएचक्यू या वेगळ्या कंपनीनं प्रसिद्ध केला, बनवला तिसऱ्याच स्टुडिओनं. नाव भाड्यानं द्यायला या कंपनीची तत्त्वतः ना नसते, हे त्यावरून दिसतं. आशा धरायचीच तर ती या वाटेनं धरावी. सेगानं ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ या मारामारीच्या गेमची मालिका १९९४ नंतर पडून ठेवली होती. पुढं फ्रान्समधल्या छोट्या लोकांना नाव दिलं आणि २०२० मध्ये चौथा भाग आला, तोही चांगला. १९९५ च्या ‘स्क्रीमर’ या रेसिंग गेमची नवी आवृत्ती इटलीच्या माईलस्टोननं २०२४ च्या डिसेंबरात जाहीर केली. निन्टेंडोच्या ‘एफ-झीरो’ या रेसिंग गेमचे चाहते २००४ पासून थांबले होते. २०२३ ला त्यांना मिळालं काय, तर नव्याण्णव जणांनी ऑनलाईन पळायचा एफ-झीरो ९९, जुन्याच ट्रॅकच्या धर्तीवर. कुणी खूश झालं, कुणी म्हणालं, एवढ्यासाठी थांबलो होतो का? तेव्हा पुढचा भाग येतो कधी कधी. मनातल्या रूपात येईलच असं नाही.

मग रोड रॅशचं घोडं कुठं पेंड खातंय?

पहिलं, गाणी. विंडोजच्या रोड रॅशमध्ये साऊंडगार्डन, मॉन्स्टर मॅग्नेट, थेरपी, पॉ, स्वर्व्हड्रायव्हर, हॅमरबॉक्स अशा ए अँड एम रेकॉर्ड्सच्या बँडांची गाणी होती. आपल्याकडं फिरणाऱ्या कॉप्यांत व्हिडिओ काढून टाकलेले असायचे, सीडीवर आणखी चार गेम मावावेत म्हणून. त्यामुळं कित्येकांना ही गाणी होती हेच माहीत नाही. पण मूळ गेमचा निम्मा रुबाब त्यात होता. गाणं गेममध्ये घालण्याचा करार ठरावीक वापरापुरता असतो. तोच गेम पुन्हा नव्या दुकानात विकायचा तर प्रत्येक गाण्यासाठी पुन्हा बोलणी. मधल्या काळात ए अँड एम युनिव्हर्सल या मोठ्या संगीत कंपनीच्या पोटात गेली. याचा पुरावा असा, की २००६ मध्ये पीएसपी या हातात धरायच्या कन्सोलवर इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं आपल्या जुन्या गेमांचा संग्रह काढला, तेव्हा त्यात सेगावरचे तिन्ही रोड रॅश होते. त्यांचं संगीत घरचंच, पहिल्या भागाचं रॉब हबार्ड वगैरेंनी केलेलं. गाण्यांचा रोड रॅश त्यात नव्हता.

गंमत म्हणजे रेसिंग गेमांना जी दुसरी मोठी अडचण येते ती इथं नाहीच. फोर्झा होरायझन ३ आणि ४ तू विकत घ्यायला गेलास तर दुकानातून गायब आहेत, २०२० आणि २०२४ पासून, कारण खऱ्या मोटारी आणि गाणी यांचे करार संपले. रोड रॅशमधल्या बाईक खोट्या नावांच्या: पांडा, बान्झाई, कामिकाझे, डायाब्लो. असं का? कुठलीही खरी कंपनी आपली गाडी अशा गेमला देणार नाही, ज्यात स्वार पोलिसाला साखळीनं हाणतो आणि गाडीसकट ट्रकखाली जातो. मोटार कंपन्या तर आपली गाडी किती चेपलेली दाखवायची यावरही अडून बसतात. करार करताना ‘दाराला ओरखडा चालेल, छत चेपलेलं चालणार नाही’ अशा यादीवर मी स्वतः आठवडे घालवलेत.

दुसरं कारण पैशाचं, आणि खरं तर हेच मोठं. २०२१ च्या फेब्रुवारीत इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं रेसिंग गेम करणारी कोडमास्टर्स कंपनी सुमारे १.२ अब्ज डॉलरना घेतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता रेसिंगचा सुकाळ होणार. झालं उलटंच. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीचाच नीड फॉर स्पीड अनबाऊंड हा रेसिंग गेम आला आणि तो करणारा क्रायटेरियन स्टुडिओ बॅटलफिल्ड या युद्धाच्या गेमच्या कामाला जुंपला गेला. म्हणजे नीड फॉर स्पीडसारखी ठणठणीत मालिकासुद्धा बाजूला बसली. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अख्खी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच ५५ अब्ज डॉलरना विकत घ्यायचा करार जाहीर झाला, आणि त्यातले सुमारे २० अब्ज कर्जाचे. एवढं कर्ज डोक्यावर असलेला मालक फुटबॉल सोडून वीस-पंचवीस वर्षं झोपलेल्या बाईकच्या गेमवर पैसा लावेल का, हे तूच ठरव. मी लावला नसता, आणि मी तर रोड रॅशचा भक्त.

आता माझ्या कामाचा भाग. लोक म्हणतात, “आजच्या ग्राफिक्समध्ये तोच गेम द्या, बस.” हे ‘बस’ फार महागात पडतं.

दोन बाईक शेजारी पळताहेत असं धर. तुझा वेग ताशी १८०, त्याचा १६०. फरक वीसचा, ऐकायला किरकोळ. पण ताशी वीस म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. तुझी लाथ किंवा दंडुका ज्या पट्ट्यात लागू शकतो तो पट्टा पुढं-मागं मिळून दोन मीटरचा, एका बाईकच्या लांबीएवढा. म्हणजे तो तुझ्या टप्प्यात असतो सेकंदाच्या एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्त वेळ. तेवढ्यात डोळ्यांनी बघायचं, डावीकडं की उजवीकडं ठरवायचं, बटण दाबायचं आणि पडद्यावर पाय उचलला जायचा. होत नाही. खऱ्या भौतिकशास्त्रानं चालणाऱ्या बाईकगेममध्ये मारामारी होऊच शकत नाही, नुसती ओव्हरटेकिंग होते.

मग मारामारीचा गेम चालवायचा तर गुपचूप फसवणूक करावी लागते. प्रतिस्पर्धी तुझ्याजवळ आला की त्याचा वेग हळूच तुझ्या वेगाशी जुळवायचा. तू मागं पडलास की पुढच्यांनी जरा हात आखडता घ्यायचा, तू पुढं निसटलास की मागच्यांना दम द्यायचा. आमच्या धंद्यात याला रबर बँड म्हणतात. ते दिसलं की खेळणारा चिडतो, ‘हा कॉम्प्युटर चीटिंग करतोय’ म्हणतो. दिसलं नाही तर म्हणतो, ‘काय चुरस झाली!’ जुन्या गेममध्ये चित्रं इतकी ओबडधोबड होती की फसवणूक खपून जायची. आजच्या चकचकीत चित्रात टायरचा प्रत्येक कण दिसतो, आणि पुढचा स्वार अकारण मंदावला की तेही दिसतं. आम्ही एका बाईकगेममध्ये हे लपवायला वेगमापकाचा काटाच थोडा खोटा फिरवला होता. शेजारी वैरी आला की आकडा चढता ठेवायचा, खरा वेग मात्र त्याच्याशी बांधायचा. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

दुसरी गोष्ट याहून सुंदर आहे. रोड रॅशमध्ये आपटलास की स्वार उठतो आणि धावत धावत आपल्या बाईककडं जातो, कधी रस्त्याच्या पार पलीकडं पडलेल्या. तेवढ्यात मागचे सगळे सुसाट जातात, एखादा त्यालाच उडवतो. आजचा कुठलाही डिझायनर हे पहिल्या बैठकीत काढून टाकेल: खेळ थांबतो, कंटाळा येतो, काळा पडदा दाखवा आणि बाईकवर बसवून द्या. मोबाईलवर तर तिथं जाहिरात लावतील. पण गेमचा सगळा विनोद, सगळी नामुष्की त्या धावण्यात आहे. कॅफेत मागं उभी असलेली पोरं हसायची ती तिथंच.

ऑनलाईनचं आणखी वेगळं दुखणं. आज गेम काढायचा म्हटलं की मल्टिप्लेअर हवाच. ताशी २०० वेग म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. तुझ्या आणि मित्राच्या मधल्या जाळ्यात सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला, तर तुझ्या पडद्यावर तो जिथं दिसतोय तिथून तो खरा साडेपाच मीटर पुढं गेलेला आहे. सरळ रस्त्यावर अंदाजानं चित्र पुढं सरकवता येतं. पण नेमका त्याच क्षणी त्यानं हँडल वळवलं तर? तुझ्याकडं लाथ बसली, त्याच्याकडं हुकली. कुणाचं खरं धरायचं? बंदुकीच्या गेमांत यावर तोडगे आहेत, कारण तिथं माणसं पायी पळतात. या वेगाला ते तोकडे पडतात. एकाच खोलीत, एकाच वायरवर खेळलात तर प्रश्नच नाही.

‘रोड रिडेम्प्शन’चं नाव इथं घ्यायलाच हवं. पिक्सेल डॅश आणि ईक्यू गेम्स या छोट्या मंडळींनी २०१३ मध्ये लोकवर्गणी गोळा केली आणि २०१७ मध्ये पूर्ण गेम आणला. नाव वेगळं, पण आत्मा रोड रॅशचा असं सांगूनच. मारामारी झकास जमली आहे, तलवारीपासून बंदुकीपर्यंत सगळं आहे, छपरांवरून पळायचे ट्रॅक आहेत. मला खटकतं ते एवढंच, की मेलास की फेरी पहिल्यापासून, फक्त कमावलेल्या गुणांवर स्वाराची ताकद वाढवत जायची. ज्याला पाच शर्यती पार करून पुढच्या पातळीला जायचं जुनं समाधान हवं, त्याला ते परकं वाटतं. तरीही भावाला सांग, स्टीम या ऑनलाईन गेमच्या दुकानात सवलत लागते तेव्हा घे. ‘रोड रॅशसारखा गेम’ म्हणून आज विकत घेण्यासारखं एवढंच आहे.

जुनाच चालवायचा असेल तर चालतो. मूळ सीडी असेल आणि इन्स्टॉल होत नसेल, तर सहसा कारण असं, की त्या काळच्या बऱ्याच सीडींचा इन्स्टॉलर १६ बिटचा असायचा आणि आजची ६४ बिटची विंडोज तो चालवतच नाही. फोल्डर थेट हार्ड डिस्कवर कॉपी करून आतली मूळ एक्झी (.exe) फाईल चालवून बघ. रंग हिरवे-जांभळे झाले तर घाबरू नकोस. गेम २५६ रंगांच्या पॅलेटवर आहे आणि ते पॅलेट विंडोज अधूनमधून बदलून टाकते. फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथं कमी रंग ८ बिट आणि ६४० बाय ४८० या दोन खुणा कर. तरी जमलं नाही तर डीएक्सविंड किंवा सीएनसी-डीड्रॉ यांसारखा मधला दुभाष्या लागेल. दोन्ही फुकट आहेत.

अ‍ॅपचं आता. प्ले स्टोअरवर ‘रोड रॅश’ नाव किंवा तसलंच चित्र लावलेलं काहीही दिसलं, तर आधी खाली प्रकाशकाचं नाव बघ. तिथं इलेक्ट्रॉनिक आर्ट्स नसेल तर तो रोड रॅश नव्हे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. बहुतेक वेळा आत तीन मिनिटांचा बाईकचा तयार नमुना असतो आणि दर आपटण्याला जाहिरात. ‘आधी नोंदणी’साठी कॉन्टॅक्ट, एसएमएस यांची परवानगी मागत असेल तर तिथंच बंद कर. बाईकच्या गेमला तुझे मेसेज वाचायचं कारण काय? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायची अ‍ॅपची फाईल, तर अजिबात टाकू नकोस. आमच्या इथं एका दुकानात अशाच गेमच्या नावाखाली आलेल्या फाईलनं दुकानदाराच्या मोबाईलमधले ओटीपी बाहेर गेले. गेम कधी उघडलाच नाही.

राहिला तुमच्या चौघांचा गेम. कायद्यानं बाईकवरून मारामारीची कल्पना कुणाच्या मालकीची नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेला हात लावत नाही. तिचं प्रत्यक्ष रूप, म्हणजे चित्रं, आवाज, संगीत, कोड, हे मात्र राखीव. नावाला १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे. तेव्हा जुन्या गेममधून एकही आवाज, एकही स्वार उचलू नका, आणि नावात ‘रॅश’ नकोच. ‘चाहत्यांनी केलाय, फुकट वाटतोय’ म्हटलं तरी नोटीस यायची ती येते.

जुन्या गेमसारखा रस्ता कॅलिफोर्नियाचा कशाला करता? आपल्याकडं बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून गोव्याला उतरणारा रस्ता आहे. पावसाळ्यात धुकं असं, की समोरची एसटी दिव्यांवरून ओळखायची. गेमच्या दृष्टीनं धुकं म्हणजे सोनं: लांबचं चित्र काढावंच लागत नाही, साधा मोबाईलही दमत नाही, आणि समोरून अचानक गोव्याची कदंबा बस येण्याची भीती फुकटात मिळते. मध्येच म्हैस. तिला उडवायची सोय ठेवू नका, धडक बसली की आपणच पडायचं. खेड्यात हा नियम लगेच कळतो.

गेम बनवायला गोडो इंजिन हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे आणि हिशेब मागत नाही. पहिल्या महिन्यात ट्रॅक, मेनू, गॅरेज यातलं काही करू नका. फक्त सरळ रस्ता, दोन ठोकळे, एक लाथ. ठोकळ्याला ठोकळा लाथ मारतोय यात तुम्हाला मजा येईपर्यंत वेग जुळवण्याचे आकडे बदलत बसा. वर सांगितलेली दोन मीटरची गोष्ट तिथंच कळेल. वर्गातल्या ज्यांनी रोड रॅश कधी पाहिलाच नाही अशा दोघा-तिघांच्या हातात द्या आणि मागं गप्प उभे राहा, काही समजावू नका. त्यांनी स्वतःहून दुसऱ्यांदा सुरू केला तर पुढं जा. भावाचं मत शेवटी घ्या, तो जुन्या प्रेमापोटी काहीही चांगलं म्हणेल.

तेवढं झालं की मला पाठव, बघतो. एपीके नको, खेळतानाचा व्हिडिओ पाठव. अनोळखी एपीके मीपण टाकत नाही.